निसर्गचित्रकाराला स्वतःचा रंग कसा सापडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन-चार वर्षं निसर्गचित्रं करताय, रंगांवर जीव आहे, पण चित्रात ते एक तर भडक उतरतात नाही तर मळतात. शिवाय ज्या चित्रकाराचं काम पाहावं त्याच्यासारखं चित्र व्हायला लागतं. स्वतःची वाट कधी आणि कशी सापडते?

मी गेली बत्तीस वर्षं निसर्गचित्रं करते आहे. सुरुवातीची दहा वर्षं जलरंगात, त्यानंतर बहुतेक तैलरंगात. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. तुम्ही रंग एकेकटा पाहताय. झाड हिरवं, डोंगर निळा, माती तांबडी. चित्रकारही तसेच पाहताय: इंग्लंडचा टर्नर म्हणजे पिवळा झगझगाट, फ्रान्सचा मोने म्हणजे जांभळ्या सावल्या. पण रंग एकटा दिसतच नाही, तो शेजाऱ्यामुळे दिसतो. हे मी विशीत वाचलं होतं, कळायला मात्र पस्तिशी उजाडली.

कळलं ते असं. नदीकाठच्या वाळलेल्या गवताचं चित्र चाललं होतं. दुपार कलती होती आणि गवत आतून दिवा लावल्यासारखं दिसत होतं. मी कॅडमियम यलो लावत गेले, मग त्यात पांढरा, मग आणखी शुद्ध पिवळा. तास गेला. गवत पिवळं झालं, पण पेटलं नाही. शेवटी कंटाळून पॅलेटवर साचलेला गाळ सुरीनं खरवडला आणि मागच्या झाडीच्या जागी फासला. जांभळटाकडे झुकणारा करडा होता तो. एका क्षणात गवत पेटलं. पिवळ्याला मी हातही लावला नव्हता. त्या दिवशी घरी येताना मला खूप आनंद झाला होता आणि थोडं रडूही आलं होतं, कारण माझी कितीतरी चित्रं नेमकी इथेच अडली होती आणि मी दरवेळी चुकीच्या जागी रंग वाढवत बसले होते.

यामागचा नियम जुना आहे. पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही विणकाम कारखान्यात मिशेल शव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळत. काळा धागा फिका दिसतो, रंगाईत खोट आहे, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळ्यात काहीच खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे विणले की तोच काळा दुबळा वाटे. या अभ्यासावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ काढला आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या चित्रकारांनी त्यातून बरंच काही उचललं. घरच्या घरी खात्री करून पाहा. एकच करडा रंग भरपूर कालवा. त्याचे दोन ठिपके द्या, एक लालाच्या मधोमध आणि एक हिरव्याच्या मधोमध. लालातला करडा हिरवट दिसेल, हिरव्यातला गुलाबी. दोन्ही एकाच ढिगातले आहेत, यावर तुमचा स्वतःचा विश्वास बसणार नाही.

आता भडकपणाकडे येते. चित्र भडक होतं तेव्हा त्यात रंग जास्त झालेला असतो असं नाही, शांत जागा कमी पडलेल्या असतात. बाहेर जाऊन प्रामाणिकपणे बघितलं तर निसर्गातला फार मोठा भाग करड्याच्या घराण्यातला असतो. आपण मराठी बोलणारे या बाबतीत भाग्यवान आहोत. पारवा, राखी, मोतिया, मातकट, धुरकट, शेवाळी, आमसुली, गव्हाळ: हे सगळे मंद रंग आणि प्रत्येकाला वस्तूवरून मिळालेलं नाव. ट्यूबवर ‘पारवा’ लिहिलेलं नसतं, म्हणून तो आपल्याला बघावा लागतो. मी शिकायला येणाऱ्यांना पहिला महिना एक वही करायला सांगते. रोज एकाच खिडकीतून, एकाच वेळी, तीन रंगांची नावं लिहायची आणि ‘हिरवा’, ‘निळा’ हे शब्द वर्ज्य. ‘ओल्या शेवाळाहून उजळ, राखेकडे झुकलेला’ असं लिहावं लागलं की डोळा आपोआप तुलना करायला लागतो.

मळण्याचं कारण वेगळं. मळका रंग आणि सुंदर करडा यांच्यात रासायनिक फरक काहीच नाही. तोच ढीग एका चित्रात चिखल वाटतो आणि दुसऱ्यात धुकं. चिखल होतो तो दोन कारणांनी. एक, त्याचा उजळ-गडदपणा चुकलेला असतो. दोन, तो उष्ण आहे (लाल-पिवळ्याकडे झुकलेला) की शीत (निळ्याकडे झुकलेला) हे ठरलेलंच नसतं. शेजारच्या रंगाच्या तुलनेत तो कुठल्या तरी एका बाजूला झुकायला हवा. जलरंगात आणखी एक कारण असतं: अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवून पसरलेल्या रंगाच्या पातळ थरात, पुन्हा ब्रश घालणं. ती सवय मोडण्यासाठी ब्रश खाली ठेवून उठून जाणं एवढाच उपाय मला सापडला. आणि जलरंग वाळल्यावर फिका होतो, तेव्हा ओला असताना जरा जास्त वाटेल इतका दाट लावा. घाबरून पाणचट लावलेला आणि मग तीन वेळा सुधारलेला वॉश हमखास मरतो.

करड्यासाठी काळ्याच्या ट्यूबची गरज नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एवढ्या दोघांत थंड पारव्यापासून उबदार तपकिरीपर्यंत सगळी वाट चालून जाता येते. मी एक पूर्ण वर्ष या दोघांवर आणि यलो ऑकर या मातकट पिवळ्यावर काढलं. पांढरा धरून चारच रंग. त्या वर्षी मी जितकं शिकले तितकं नंतरच्या पाच वर्षांत शिकले नाही. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांचं नाव ज्या मर्यादित पॅलेटशी जोडलं जातं त्यात पिवळा ऑकर, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा एवढेच रंग आहेत, निळा नाहीच. काळ्यात पांढरा मिसळला की जो थंड करडा होतो तो उबदार रंगांशेजारी निळा म्हणून उभा राहतो, आणि काळ्यात ऑकर मिसळला की शेवाळी हिरवा मिळतो. इथे काळा चालतो, कारण तिथे तो निळ्याची भूमिका करतो. रंग गडद करायला म्हणून काळा ओतणं निराळं, आणि त्यापासून मात्र दूर राहा.

उजळ-गडदाचा प्रश्न रंगाच्या आधी सुटायला हवा, हे रंगप्रेमी माणसाला पटायला जड जातं. मलाही गेलं. डोळे बारीक करून पाहा: बारकावे विरघळतात, तीन-चार मोठे आकार उरतात. अठराव्या शतकात प्रवासी आणि चित्रकार यासाठी काळसर काचेचा लहान बहिर्वक्र आरसा बाळगत, क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावानं तो ओळखला जाई. दृश्याकडे पाठ करून त्यात पाहिलं की रंग मंदावत आणि उजेड-अंधाराची मांडणी उघडी पडे. मी मोबाइलचा बंद काळा पडदा तसाच वापरते. फोन मात्र बंदच ठेवते.

फोटोबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण भडकपणाचा अर्धा दोष तिथून येतो असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. कॅमेरा उजेडाला हिशेब लावतो तेव्हा सावल्या काळ्या पडतात किंवा आभाळ पांढरं होतं, आणि फोनमधली यंत्रणा गवत-आभाळाचा रंग स्वतःच्या मर्जीनं चढवते. तुम्ही त्या चढवलेल्या रंगाची नक्कल करता आणि वर आपल्या प्रेमाचा आणखी एक थर देता. फोटो रेखाटनाच्या आठवणीसाठी ठेवा. रंग जागेवरच बघायचा, तिथे वीस मिनिटांचं पोस्टकार्डाएवढं चित्र करायचं, मोठं चित्र त्या छोट्यावरून.

जागेवर गेल्यावर काय बघायचं? मला ज्या गोष्टी उशिरा कळल्या त्या सांगते.

लांबचा डोंगर निळा दिसतो हे सगळ्यांना माहीत असतं. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, आणि डोळा ते गडद डोंगर यांच्यामधली ती विखुरलेली निळाई आपण बघतो. पण लांबची पांढरी गोष्ट, म्हणजे क्षितिजाजवळचा ढग किंवा बर्फाचं शिखर, निळी होत नाही. तिच्याकडून येणाऱ्या उजेडातला निळा वाटेत गळतो आणि ती पिवळट, कधी गुलाबी दिसते. ‘लांब म्हणजे निळं’ हा नियम पाठ करून सगळंच निळं करणाऱ्यांची चित्रं इथेच खोटी पडतात. मी स्वतः अशी शंभर तरी केली असतील.

सावली निळसर असते ती निरभ्र दिवशी, कारण तिथे ऊन पोचत नाही पण आभाळाचा उजेड पोचतो. ढगाळ दिवशी हा हिशेब बदलतो, आणि तांबड्या जमिनीलगतच्या भिंतीची सावली खालून तांबूस होते. झाडात निदान तीन हिरवे असतात: उन्हातलं पान, आभाळ परावर्तित करणारं चकचकीत पान, जे जवळजवळ निळसर करडं असतं, आणि ज्याच्यातून ऊन आरपार येतं ते पोपटी पान. हा तिसरा हिरवा अगदी थोड्या जागी द्या. तो सगळीकडे फासला की झाड प्लास्टिकचं होतं. पाण्यातल्या प्रतिबिंबात काठावरचं उजळ थोडं गडद होतं आणि गडद थोडं उजळ होतं. एवढ्यानंच पाणी आडवं झोपतं.

आणि संध्याकाळ. सूर्य गेल्यावर लाल फुलं काळवंडतात आणि निळं-हिरवं तुलनेनं उजळत जातं. पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. बदल आपल्या डोळ्यात होतो, अंधाराला सरावताना डोळा निळ्याकडे जास्त संवेदनशील होतो. ती वीसेक मिनिटं माझी सगळ्यात आवडती. तेव्हा काही रंगवता येत नाही, पॅलेटच धड दिसत नाही. नुसती बसते, आणि घरी येऊन आठवणीनं करते.

आता प्रभावांचं. तुम्हाला त्यांची भीती वाटते आहे असं दिसतं. मी दोन वर्षं टर्नरच्या प्रभावाखाली होते. सगळी क्षितिजं धुक्यात विरघळलेली, मध्ये पिवळा. चित्रं लोकांना आवडत होती, काही विकलीही गेली. एकदा एका प्रदर्शनात माझ्याच चित्रासमोर उभी होते आणि ते कुठल्या जागेचं हे मला आठवेना. ती जागा मी पाहिलीच नव्हती. टर्नरनं काय पाहिलं ते मी पाहत होते.

नक्कल केली ही त्यातली चूक नव्हती. नक्कल कराच. व्हॅन गॉगनं १८८७ साली हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांवरून तैलचित्रं केली, पावसातला पूल आणि बहरलेला आलुबुखारा. पुढच्या वर्षी तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्सला गेला आणि तिथली त्याची चित्रं जपानी वाटत नाहीत, पण सपाट, निर्भय रंग आणि कापलेली चौकट त्यात मुरलेली आहे. माझी चूक अशी की मी टर्नरचं उत्तर घेतलं, त्याचा प्रश्न घेतला नाही. त्यानंतर मी प्रत्येक चित्रकाराकडे एकेक प्रश्न शोधायला लागले.

कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकारानं १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ, वारा, हवामान लिहून ठेवलं. त्याचा प्रश्न: आत्ता, या घडीला आभाळ काय करतं आहे? मी त्याच्यासारखे ढग काढत नाही. पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक अभ्यासाच्या मागे वेळ आणि वारा लिहिलेला असतो, आणि पाच वर्षांपूर्वीचं चित्र उलटून पाहिलं की ती सकाळ परत येते.

मोनेनं १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजींची मालिका केली, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. त्याचा प्रश्न वेळेचा होता. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत तुमच्या सगळ्या सावल्या खोट्या ठरतात. मी दीड तासावर थांबते, उरलेलं दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. बाहेर जाऊन असं तैलरंगात काम करणं त्या पिढीला सोपं झालं त्यामागे एक साधी वस्तू आहे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं १८४१ साली पिळता येणारी धातूची ट्यूब पेटंट केली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत.

सेझान या फ्रेंच चित्रकाराकडे मी सगळ्यात उशिरा गेले आणि अजून तिथेच आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर १९०६ मध्ये, त्यानं मुलाला लिहिलं होतं की नदीकाठी एकाच जागी बसून, जरा उजवीकडे, जरा डावीकडे झुकत आपण महिनोन्‌महिने काम करू शकू. पुढच्याच महिन्यात बाहेर रंगवताना तो वादळी पावसात सापडला आणि त्या आजारपणातच गेला. सेंट व्हिक्ट्वार डोंगर त्यानं आयुष्यभर पुन्हापुन्हा रंगवला. रंगाचा एकेक तुकडा विटेसारखा रचायचा आणि त्यातून डोंगर उभा करायचा, हा त्याचा प्रश्न.

तोच प्रश्न दुसऱ्या हातात गेला की काय होतं हे सैयद हैदर रझा यांच्याकडे बघा. चाळीसच्या दशकात ते जलरंगातली सुंदर, वाहती निसर्गचित्रं करत होते. १९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहिली आणि सांगितलं, तुमच्या चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. १९५० साली रझा पॅरिसला गेले, तिथे सेझान पाहिला. नंतरची त्यांची फ्रान्सची खेडी, मग धगधगते भूप्रदेश, मग बिंदू: यातलं काहीच सेझानसारखं दिसत नाही. बांधणी मात्र आली. रंग त्यांचा तोच राहिला, तापलेला, मातीतून आलेला. माझ्या टेबलासमोर त्यांच्या एका चित्राची छापील प्रत आहे आणि काम अडलं की मी रंगांकडे न बघता त्यातल्या सीमारेषा बघते, कुठला रंग कुठे संपतो एवढंच.

सामानाबद्दल एकच गोष्ट. ट्यूबवर रंगाचं आकर्षक नाव असतं त्याखाली बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. एकच रंगद्रव्य असलेल्या ट्यूब घ्या, कारण तीन रंगद्रव्यांची ट्यूब दुसऱ्या तशाच ट्यूबमध्ये मिसळली की सहा जणांची गर्दी होते आणि मळण्याची निम्मी कारणं तिथेच असतात. प्रकाशात टिकण्याचा शेराही पाहा. व्हॅन गॉगच्या शेवटच्या काळातल्या काही पांढऱ्या गुलाबांत मुळात गुलाबी छटा होती, ते लाल रंगद्रव्य उजेडात उडून गेलं. अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल, पीआर ८३, मी याच कारणासाठी बंद केला, जीव असूनही.

राहिला ‘कधी’ हा प्रश्न. मला ते अकराव्या वर्षी दिसलं, तेही अपघातानं. घर बदलताना सगळे छोटे अभ्यास जमिनीवर पसरले होते, दोनशेच्या वर असतील. टर्नरच्या नादातले, मोनेच्या नादातले, स्वतःच्या हट्टातले, वेगवेगळ्या जागांचे, ऋतूंचे. आवरता आवरता लांबून पाहिलं आणि थबकले. निम्म्याहून जास्त चित्रांत एक जोडी होती: गुलाबीकडे झुकलेला पारवा आणि त्याला लागून गडद शेवाळी. कधी ढग आणि झाडी, कधी रस्ता आणि बांध, कधी नुसती भिंत आणि तिची सावली. मी कुणाचीही नक्कल करत असले तरी ती जोडी माझ्या मागे मागे आली होती, आणि अकरा वर्षांत ती मी एकदाही पाहिली नव्हती, कारण मी एकेक चित्र पाहत होते.

तुमची तीन-चार वर्षांची चित्रं अशीच पसरा. बिघडलेली आधी, कारण त्यांत माणूस सावध नसतो. चांगलं-वाईट ठरवू नका. कुठले दोन रंग पुन्हापुन्हा शेजारी आलेत तेवढं शोधा आणि त्यांचे दोन ठिपके वहीत लावून ठेवा. जोडी लगेच सापडली नाही तर आणखी शंभर छोटे अभ्यास करून पुन्हा पसरा. मी माझी सापडल्यावर पुढच्याच आठवड्यात फक्त त्या दोन रंगांत आणि पांढऱ्यात बारा छोटी चित्रं केली. बाराव्यात पारव्याच्या काठावर, ठरवलेलं नसताना, ऑकरची एक बारीक रेघ आली. तिच्यावर मी अजून काम करते आहे.